बुक चॅप्टर, पुस्तक की नुसते पॉइंट? इंजिनिअरिंग शिकवणाऱ्यांनी लिहावं तरी काय

घोडनदी | ९ फेब्रुवारी, रात्री ११:१०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा स्वतःची अडचण घेऊन आलेय.

मी एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागात शिकवते. अकरा वर्षं झाली. ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपायलर हे माझे विषय. पीएचडी दोन वर्षांपूर्वी झाली. गेल्या आठवड्यात विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: शेती, आरोग्य आणि शिक्षणातल्या एआयवर संपादित पुस्तक निघतंय, आठ-दहा पानांचं प्रकरण पंधरा दिवसांत पाठवा, फी साडेतीन हजार, आयएसबीएन आणि प्रमाणपत्र मिळेल. आमचे एचओडी (विभागप्रमुख) सर म्हणाले, मार्चच्या आत प्रत्येकाचा एक चॅप्टर लागू दे, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) शीटमध्ये आपला रकाना रिकामा दिसतोय.

सर माणूस म्हणून फार चांगले आहेत, त्यांच्यावरही वरून दडपण आहे. पण शेतीतल्या एआयमधलं मला काहीही कळत नाही. जे कळतं ते माझ्या तीन वह्यांत आहे.

उदाहरण देते. ओरलला दरवर्षी हमखास येणारा प्रश्न: लूपमध्ये तीनदा फोर्क केलं तर एकूण प्रोसेस किती? (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम. फोर्क ही आज्ञा त्याची तशीच एक नवी प्रत काढते आणि तिथून पुढे दोन्ही चालतात.) कुणी तीन म्हणतं, कुणी सहा. मुलं वापरतात त्या एका गाइडमध्ये नुसतं '७' छापलंय. नव्या सात, मूळची धरून आठ, एवढं सांगायचं राहून गेलंय, आणि मुलं सात पाठ करून येतात. मी फळ्यावर वंशावळ काढते. मूळ प्रोसेसला तीन मुलं. थोरलं जन्मतं तेव्हा लूपच्या दोन फेऱ्या उरलेल्या असतात, म्हणून त्याला पुढे दोन मुलं. मधल्याला एक. धाकट्याला एकही नाही. थोरल्याच्या थोरल्याला आणखी एक. मोजले की आठ. चार वर्षांपूर्वी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, पिढ्या मोजा ना. एक, तीन, तीन, एक." मी हातातला खडू खाली ठेवला. चार फोर्क लावून पाहिले तर १, ४, ६, ४, १. अकरावीच्या गणितातले द्विपद प्रमेयाचे सहगुणक! सात वर्षं तीच वंशावळ काढत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

असं बरंच आहे वह्यांमध्ये. मुलं झेरॉक्स काढून नेतात. तर प्रश्न असे: तो चॅप्टर द्यावा का? की वह्यांचं पुस्तक करावं? पुस्तकाला दोन-तीन वर्षं जातील आणि तोवर शीटमध्ये माझ्या नावापुढे शून्य. तुमच्यापैकी कुणी लिहिलंय का?

---

पिंपळपान | ९ फेब्रुवारी, रात्री ११:४८

मॅडम, आधी व्यवहाराचं बोलतो. मी विभागात ही शीट भरणारा माणूस आहे.

युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतला शिक्षकांच्या गुणांचा तक्ता असा: आंतरराष्ट्रीय प्रकाशकाचं पुस्तक १२ गुण, राष्ट्रीय प्रकाशकाचं १०, संपादित पुस्तकातलं प्रकरण ५. विज्ञान-अभियांत्रिकीत शोधनिबंधाला ८. म्हणजे तक्त्याला तरी पुस्तकाची किंमत जास्त आहे.

पण संलग्न कॉलेजांच्या नॅकमध्ये ३.३.२ हा जो मुद्दा आहे, तिथे पुस्तकं, प्रकरणं आणि परिषदेच्या कार्यवृत्तातले (प्रोसीडिंग्जमधले) पेपर हे सगळं एकत्र मोजतात आणि पाच वर्षांचा दर शिक्षकामागे आकडा काढतात. सहाशे पानांचं पुस्तक तिथे एक, आठ पानांचा चॅप्टरही एक. तुमच्या सरांची घाई तिथून आलेली आहे. त्यांना दोष देऊ नका.

माझं मत: चॅप्टर द्या आणि मोकळ्या व्हा. उरलेल्या वेळात पुस्तक लिहा.

---

ग्रंथदिंडी | १० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

घोडनदी, मी बावीस वर्षं अभियांत्रिकी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आयएसबीएनबद्दल एक गैरसमज मला रोज भेटतो, तो आधी दूर करते.

आयएसबीएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे, तो पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे. गाडीला नंबर असतो तसा. नंबर आहे म्हणून गाडीचे ब्रेक चांगले असतीलच असं नाही. आपल्याकडे राजा राममोहन रॉय एजन्सी तो देते आणि त्याला पैसे पडत नाहीत. तेव्हा कुणी 'आयएसबीएनसह' म्हणून फी मागत असेल, तर त्या शब्दाला भुलू नका.

तुम्ही प्रकाशकाला तीन गोष्टी विचारा. पुस्तकाचे संपादक कोण आणि त्यांचं त्या विषयात स्वतःचं काम काय? प्रकरण कोण तपासणार, शेरे लेखी मिळणार का? आणि तिसरं, मी मुद्दाम विचारते ते: छापील प्रती ग्रंथालयांना जमा करता का? १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत द्यायची असते. मुंबईतलं टाउन हॉलमधलं त्यातलंच. या प्रश्नावर फोन ठेवून देणारे मी पाहिलेत.

आमच्याकडे अशा संपादित पुस्तकांचं एक पूर्ण कपाट आहे. प्रत्येकातले चॅप्टर आमच्याच कुणा ना कुणा शिक्षकाचे. इश्यूच्या पट्टीवर एकही तारीख नाही. मला त्याचं वाईट वाटतं, कारण ही माणसं वर्गात उत्तम शिकवतात, मी त्यांना ओळखते.

---

बायनरी_बाळू | १० फेब्रुवारी, सकाळी ९:३०

आयएसबीएनवरून आठवलं. २००७ पासून तो तेरा अंकी झाला. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला यासारखं उदाहरण नाही. पहिला अंक जसाच्या तसा, दुसऱ्याला तीनने गुणा, तिसरा तसाच, चौथ्याला तीनने, असं करत सगळ्या तेरा अंकांची बेरीज करा. दहाने भाग गेला तर क्रमांक बरोबर. मुलांना घरातली पुस्तकं आणायला सांगतो. एकाने आजीची ज्ञानेश्वरी आणली होती, तिच्यावर क्रमांकच नव्हता. तो म्हणाला, "सर, हिला तपासायची गरज नाही." अख्खा वर्ग हसला, मीही.

---

ऱ्हाईनकाठ | १० फेब्रुवारी, दुपारी २:१५

मी जर्मनीत एका संशोधन गटात काम करतो. घरी सातारा.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय असं वाटतं. कॉम्प्युटर सायन्समध्ये परिषदांना जर्नलइतकंच, कधी जास्तच वजन असतं. स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेची 'लेक्चर नोट्स इन कॉम्प्युटर सायन्स' ही मालिका १९७३ पासून चालू आहे, तीत परिषदांची कार्यवृत्तं पुस्तकरूपात येतात. त्यातला प्रत्येक पेपर त्यांच्या संकेतस्थळावर 'चॅप्टर' म्हणूनच नोंदला जातो. त्यामुळे 'चॅप्टर' म्हटलं की एका टोकाला कडक तपासणीतून गेलेला पेपर असतो आणि दुसऱ्या टोकाला पंधरा दिवसांत मागवलेली आठ पानं. शीटमध्ये दोन्ही सारखेच दिसतात.

चांगलं संपादित पुस्तक कसं होतं, ते आमच्या गटात पाहिलंय. संपादक विषय ठरवतो आणि त्या विषयात ज्याने खरंच हात घातलाय त्याला पत्र लिहितो: 'या भागावर तू लिही.' मसुदा आला की दुसऱ्या प्रकरणांचे लेखक तो वाचतात, चिन्हं एकसारखी करतात. एकाने ज्याला 'एन' म्हटलं त्याला दुसऱ्याने 'एम' म्हणायचं नाही, यावर दोन-दोन तास बैठका होतात. लेखकाकडून कुणी पैसे मागत नाही. मुक्त प्रवेशाची, म्हणजे वाचकांना फुकट वाचता यावं म्हणून भरायची, फी हा वेगळा विषय, ती ऐच्छिक असते आणि बहुधा संस्था भरते.

पंधरा दिवसांत यातलं काय होणार?

---

पिंपळपान | १० फेब्रुवारी, दुपारी ३:००

ऱ्हाईनकाठ, तुमचं सगळं पटतं. पण तुमच्याकडे आठवड्याला अठरा तास लोड, वर ॲडमिशनची ड्यूटी, पेपर तपासणी, मेंटॉरिंगच्या फायली, असं असतं का? आमच्याकडे लिहायला बसायचं म्हणजे पोरं झोपल्यावर. म्हणून म्हटलं, द्या आणि मोकळ्या व्हा.

---

ऱ्हाईनकाठ | १० फेब्रुवारी, दुपारी ३:२०

नसतं. मान्य. ती तक्रार शंभर टक्के खरी आहे, मी कमी लेखत नाहीये.

---

सायसाखर | १० फेब्रुवारी, सायंकाळी ६:४०

'द्या आणि मोकळ्या व्हा' याला माझा ठाम विरोध. कारण सांगते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी असाच एक चॅप्टर दिला. विषय माझा नव्हता. इकडून तिकडून वाचून लिहिला, वाक्यं जुळायला नकोत म्हणून एका सॉफ्टवेअरमधून फिरवून घेतला. तेव्हा सगळेच करायचे. छापून आला, प्रमाणपत्र आलं, आईने फ्रेम करून लावलं. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत समोरच्या सरांनी तोच चॅप्टर उघडला. त्यात 'आर्टिफिशिअल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' असं दोनदा होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे काय असतं?" मला उत्तर देता आलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नंतर कळलं की हे इतक्या ठिकाणी झालंय की त्यावर अभ्यासच झालाय. २०२१ मध्ये काही संशोधकांनी अशा पिळवटलेल्या शब्दप्रयोगांची यादी काढली. 'बिग डेटा'चं 'कोलोसल इन्फर्मेशन', 'डीप न्यूरल नेटवर्क'चं 'प्रोफाउंड न्यूरल ऑर्गनायझेशन'. त्याआधी २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई (अभियंत्यांची संघटना) मिळून एकशेवीसहून जास्त पेपर काढून टाकावे लागले होते. ते एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमने तयार केलेले निरर्थक पेपर होते, आणि ते परिषदांच्या कार्यवृत्तांत छापले गेले होते!

घोडनदी, नावावर एकदा छापलं की ते पुसता येत नाही. शून्य परवडलं.

---

लालमाती | १० फेब्रुवारी, रात्री ८:१०

सायसाखर, हे इथे लिहिलंस त्याबद्दल मनापासून धन्यवाद. आमच्या नव्या लेक्चरर मुलींना हा प्रतिसाद वाचायला देणार आहे.

---

निवृत्त_मास्तर | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आता निवृत्त. पुस्तकाबद्दल दोन शब्द.

ज्यांनी ८५ नंतर मायक्रोप्रोसेसर शिकला त्यांना गावकर हे नाव सांगावं लागत नाही. रमेश गावकरांचं ८०८५ या मायक्रोप्रोसेसरवरचं पुस्तक १९८४ साली आलं. हे गृहस्थ कुठल्या मोठ्या संशोधन विद्यापीठात नव्हते, न्यू यॉर्क राज्यात सिराक्यूजजवळ एका कम्युनिटी कॉलेजात शिकवायचे. म्हणजे आपल्या पॉलिटेक्निकसारखीच जागा. त्यामुळे मूल कुठे अडतं ते त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक आज्ञा चालताना कोणत्या टी-स्टेटला, म्हणजे घड्याळाच्या कोणत्या ठोक्याला, कोणत्या तारेवर काय असतं, ते ते हाताला धरून दाखवतात. भारतातली आवृत्ती मुंबईहून निघायची.

माझी प्रत अजून आहे. मागच्या बाजूची आज्ञांच्या कोडची पानं इतकी हाताळली गेली की ती सुटी झाली. ती मी पुठ्ठ्यावर चिकटवून लॅबमध्ये टांगली होती. ३ई हा कोड म्हणजे एमव्हीआय ए ही आज्ञा, हे आमचा शिपाईसुद्धा सांगायचा.

८०८५ हा ७६ सालचा प्रोसेसर. तो कारखान्यांतून कधीच गेला. पण ते पुस्तक पुढे कितीतरी वर्षं वर्गात राहिलं, ते त्या शिकवण्यामुळे. मॅडम, तुमच्या वंशावळीचं पान वाचलं आणि मला तेच आठवलं. लिहा तुम्ही.

---

कंपायलरकर | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

मास्तर, सुंदर. पण एक फरक करायला हवा असं मला वाटतं. टेक्स्टबुक वेगळं आणि विद्वानांसाठीचा संशोधनग्रंथ वेगळा. दोन्ही शिक्षकच लिहितात, पण वाचक वेगळा असतो.

दुसऱ्या प्रकाराचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबईतल्या उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो ॲनालिसिसवरचं २००९ चं पुस्तक. सीआरसी प्रेसने काढलेलं. कंपायलर प्रोग्रॅम न चालवता त्यातल्या किमती कुठून कुठे वाहतात हे कसं शोधतो, त्याचा पूर्ण सिद्धांत त्यात आहे. सिद्धांतावर ते थांबले नाहीत, जीसीसी या खऱ्याखुऱ्या कंपायलरमध्ये तो बसवून दाखवलाय. असं पुस्तक लाखांनी खपत नसतं. पण या विषयात काम करणाऱ्याला ते टाळून पुढे जाता येत नाही.

पहिल्या प्रकारातलं म्हणजे डेटाबेसचं जगभर वापरलं जाणारं पुस्तक. सिल्बरशाट्झ आणि कोर्थ यांच्या जोडीला आयआयटी मुंबईचे सुदर्शन १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आले. आमच्या वेळी त्यातल्या उदाहरणांत बँकेची खाती आणि कर्जं जोडायची असायची, आता विद्यापीठातले शिक्षक आणि वर्ग जोडतात. दर आवृत्तीला इतकं बदलायची त्यांची तयारी असते. स्लाइड तर फुकट उतरवून घेता येतात. मी गेली दहा वर्षं त्याच वापरतोय.

---

बोलघेवडी | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

आमच्या वेळी डेटाबेस म्हणजे पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन परीक्षेच्या आठ दिवस आधी घेतलेलं पुस्तक, त्यात युनिटप्रमाणे उत्तरं. त्यांना नावं ठेवू नका हं कुणी. त्यावरच पास झालो आणि त्यावरच नोकरी लागली. आमच्या मॅडमनीच लिहिलं होतं ते. दर दोन वर्षांनी सिलॅबस बदलला की त्या रात्ररात्र बसायच्या.

---

वीजवाला | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५५

मी एक पुस्तक लिहिलंय, पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवर, परदेशी प्रकाशकाकडून. तेव्हा अनुभव सांगतो, म्हणजे मॅडमना अंदाज येईल.

प्रस्ताव चार पानांचा. त्यात विषयसूची, एक नमुना प्रकरण आणि 'आधीची पुस्तकं असताना हे कशाला' याचं उत्तर. या प्रश्नावर मी दोन महिने अडलो होतो. तो तीन परीक्षकांकडे गेला. एकाने नाकारला, दोघांनी दुरुस्त्या सांगितल्या. करार झाल्यावर लिहायला दोन वर्षं ठरली होती, लागली तीन.

लिहिणं कष्टाचं असतं हे माहीत होतं. प्रूफाचं माहीत नव्हतं. छपाईच्या जुळणीत कुठेतरी ग्रीक 'म्यू'चा रोमन 'एम' झाला. माझ्या दहा मायक्रोसेकंदांचे दहा मिलिसेकंद. हजारपट फरक! आणि एकाच ठिकाणी नव्हे, चौथ्या प्रकरणात सगळीकडे. स्विच त्या वेगाने चालवला तर सर्किटचा अर्थच उरत नाही. पेन्सिल घेऊन एकेक आकडा तपासला. बायको आकडा वाचायची, मी हस्तलिखितावर बोट ठेवायचो. तिचा विषय मराठी साहित्य. पण सहाव्या प्रकरणात तिने मला थांबवलं: "अहो, मागे याच आकृतीत हा आकडा वेगळा होता." होताच.

मग पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची (इंडेक्स). ती लेखकानेच करायची असते हे करार वाचूनही डोक्यात शिरलं नव्हतं. अकरा दिवस गेले. पण त्या अकरा दिवसांत कळलं की एकाच गोष्टीला मी तीन प्रकरणांत तीन नावं दिली होती. आता मी प्रत्येकाला सांगतो: सूची आधी करा, लिहिणं सुधारतं.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या वर्षाच्या रॉयल्टीत घरच्यांना एकदा चांगलं जेवू घातलं, एवढंच. पण परवा एका लहान गावातल्या मुलाचा मेल आला, 'सर, पान अमुकवर चिन्ह उलटं आहे.' होतं उलटं. म्हणजे तो बिचारा पेन घेऊन तिथपर्यंत आला होता.

---

पिंपळपान | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

वीजवाला, वहिनींचं नाव ऋणनिर्देशात आहे ना?

---

वीजवाला | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१८

पहिल्या ओळीत.

---

कडुलिंब | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

नावांचा विषय निघालाच आहे तर. माझ्या एका चॅप्टरवर पाच नावं आहेत. त्यातल्या दोघांनी तो आजपर्यंत वाचलेला नाही. पहिलं नाव माझं नाही. कॉलेजचं नाव घेत नाही, तिथे आता मी नाही. पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत केलेल्या प्रयोगांचे आलेख दुसऱ्याच्या नावाखाली बघताना काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही. मॅडम, काहीही लिहा, पण कोण कोण लेखक असणार हे पहिल्या दिवशी मेलवर लिहून घ्या.

---

मायमराठी | १२ फेब्रुवारी, दुपारी १:००

मराठीत का नाही लिहीत तुम्ही? २०२१ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) भारतीय भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली, पुस्तकंही करून घेतली, ती ई-कुंभ पोर्टलवर फुकट आहेत. युजीसीच्या त्याच तक्त्यात भाषांतरित पुस्तकाला ८ आणि प्रकरणाला ३ गुण आहेत.

---

बायनरी_बाळू | १२ फेब्रुवारी, दुपारी १:२५

मराठीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या 'थ्रेड'ला 'धागा' म्हणायचं का? मग आपण आत्ता कशावर बसलोय? :-)

---

मायमराठी | १२ फेब्रुवारी, दुपारी १:४०

हसू आलं, पण प्रश्न खरा आहे. माझं म्हणणं असं की थ्रेड, डेडलॉक, कर्नल हे शब्द राहू देत, मुलांना पुढे तेच लागणार आहेत. वाक्य मात्र मराठी हवं. वरचं घोडनदींचं फोर्कचं वर्णन पुन्हा वाचा. 'धाकट्याला एकही नाही.' फोर्क शब्द तसाच आहे आणि तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलाला एका वाचनात कळेल. भाषांतराच्या यंत्रातून हे निघत नाही, कारण मुळात असं कुणी लिहिलेलंच नसतं.

---

ऱ्हाईनकाठ | १२ फेब्रुवारी, रात्री ११:०५

यंत्रावरून: स्प्रिंगरने २०१९ मध्येच लिथियम-आयन बॅटरीवर यंत्राने तयार केलेलं पुस्तक काढलं होतं. तसं उघड सांगूनच. अनेक शोधनिबंधांचा गोषवारा होता तो. गोषवारा यंत्र करेल. मागच्या बाकावरची मुलगी त्यात नसते.

आणि मूळ प्रश्नाकडे: घोडनदी, तुमच्याच विषयात एक वाट आधी पडलेली आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्पासी-ड्युसो दांपत्याचं 'ऑपरेटिंग सिस्टिम्स: थ्री ईझी पीसेस'. वर्गातल्या टिपणांतून वाढलेलं. एकेक प्रकरण सुटं, संकेतस्थळावर फुकट. ज्याला छापील हवं त्याने विकत घ्यावं. अख्खं पुस्तक होईपर्यंत थांबायची गरजच नाही. एक प्रकरण पुरं झालं की टाका, मुलं चुका सांगतील, दुरुस्त करा.

---

ग्रंथदिंडी | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

याला दुजोरा. फक्त वह्यांत दुसऱ्या पुस्तकांतल्या आकृत्या उतरवलेल्या असतील तर त्या नव्याने काढा किंवा लेखी परवानगी घ्या. वर्गात फळ्यावर काढणं वेगळं, प्रकाशित करणं वेगळं.

---

घोडनदी | १३ फेब्रुवारी, रात्री ११:३०

सगळं दोनदा वाचलं. सायसाखरताई, तुमचा प्रतिसाद वाचून साडेतीन हजारांचा विषय माझ्यापुरता संपला. उद्या सरांशी बोलते.

---

घोडनदी | ६ जुलै, रात्री १०:२०

मंडळी, धागा वर काढतेय, कारण तुम्हाला सांगणं लागतं.

सरांशी बोलले. हा धागाच दाखवला, ग्रंथदिंडींचे तीन प्रश्न दाखवले. त्यांनी स्वतः प्रकाशकाला फोन लावला. शेरे लेखी मिळणार का, याला उत्तर 'सर, ॲक्सेप्टन्स नक्की आहे' असं मिळालं. सर फोन ठेवून म्हणाले, "नको आपल्याला." विभागातून कुणीच दिला नाही.

शीटसाठी मी माझ्या थिसिसमधलं एक प्रकरण नव्याने बांधून, फी न घेणाऱ्या एका संपादित पुस्तकाला पाठवलं. दोन परीक्षकांचे मिळून एकोणीस शेरे आलेत. सात नंबरचा वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही, कारण तो बरोबर होता. त्या प्रयोगात मशीन रिकामं असताना वेळ मोजला होता, दुसरी कामं चालू असताना मोजलाच नव्हता. आता पुन्हा मोजतेय.

आणि वह्या. पहिली दोन प्रकरणं मराठीत लिहून झाली, विद्यार्थ्यांसाठी नेटवर टाकली. सूची आधी केली, वीजवाला. त्या मागच्या बाकावरच्या मुलीला शोधून काढलं, ती आता हैदराबादला नोकरी करते. तुझं नाव घालू का, विचारलं, तर फोनवर रडायलाच लागली. तिला वाटत होतं, त्या दिवशी मध्येच बोलली म्हणून मी रागावले होते.

दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी एक गणित दिलंय, तुम्हीही करून बघा. लूप नाही. एकाच ओळीत दोन फोर्क, मध्ये 'आणि'ची खूण. एकूण प्रोसेस किती?

---

निवृत्त_मास्तर | ७ जुलै, सकाळी ६:०५

चहा गार झाला मॅडम. मूळ प्रोसेसला पहिल्या फोर्ककडून शून्य नसलेला आकडा मिळतो, म्हणून ती पुढचा फोर्कही करते. मुलाला शून्य मिळतं, 'आणि'च्या पुढे बघायचं कारणच नाही, तो तिथेच थांबतो. एकूण तीन. बरोबर?

---

घोडनदी | ७ जुलै, सकाळी ७:४०

बरोबर सर! आता 'आणि'च्या जागी 'किंवा' घाला.

---

निवृत्त_मास्तर | ७ जुलै, सकाळी ८:३०

तेही तीनच. पण वंशावळ वेगळी. 'आणि' असलं की एका बापाची दोन मुलं. 'किंवा' असलं की आजा, मुलगा, नातू.

नातवाला उठवून दाखवतो.